बाटलीची नाडी

साडू हे नातं तसं बिनकामाचं. दोन बहिणींनी आपापल्या मर्जीने दोन पुरुष पसंत करायचे आणि मग त्या पुरुषांनी जन्मभर सासरच्या लग्नकार्यांत शेजारी शेजारी बसून हवापाण्यावर बोलायचं, एवढाच त्याचा उपयोग. निनाद दिघे आणि हृषीकेश टिपणीस यांचं मात्र जमलं. तेही बाटलीवरून जमलं, याचं त्यांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

निनाद ठाण्याला मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. यंत्र खरं बोलतंय की नाही हे तपासणं त्याचं काम. माणूस चोख, पण राखून ठेवणारा. नवा शर्ट चांगल्या प्रसंगासाठी कपाटात ठेवायचा आणि प्रसंग येईपर्यंत तो पोटावर बसेनासा व्हायचा. हृषीकेश नाशिकच्या शाळेत भूगोल शिकवत. ते थोरल्या बहिणीचे, केतकीचे यजमान, म्हणून निनाद त्यांना हृषीदादा म्हणे. ते त्याला निनादराव म्हणत, ते थोडं मानाने आणि बरंचसं गमतीने.

दिंडोरीजवळच्या मोरदरा इस्टेटची राखीव लाल वाईन त्या काळी मागून मिळत नसे. जुन्या वेलींचा एकच तुकडा, त्यातून निघणारी मोजकी पिंपं आणि मागणारे हजारो. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून नावं काढत. सात वर्षं नाव नोंदवल्यावर २०३७ सालच्या मार्चमध्ये निनादचं नाव निघालं. बारा बाटल्यांची लाकडी पेटी. एकट्याने घ्यायची म्हणजे मुग्धाने, त्याच्या बायकोने, घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून दोन्ही साडूंनी मिळून घेतली, सहा तुमच्या, सहा आमच्या.

पेटी घ्यायला दोघं गेले तेव्हा तळघराच्या प्रमुख वैजयंती मोगल यांनी त्यांना बसवून घेतलं. या बाई बारा-पंधरा वर्षं त्या तळघरात काढलेल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं एक रीत हाये. पेटी घेतली की दरसाल द्राक्षं उतरल्यावर एक बाटली उघडायची. जरा कच्ची लागली तरी उघडायची. लेकरू मोठं होताना बघावं लागतं. एकदम लग्नातच बघायला गेलात, तर वळख कशी पटायची?"

ही रीत दोघांनी मनावर घेतली. मार्चचा शेवटचा रविवार ठरला. बाटल्या ठाण्याला निनादच्या थंड कपाटात असत. त्या रविवारी सकाळी एक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून मुग्धाच्या मांडीवर बसून नाशिकला जाई. केतकी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी करी. भाजलेल्या सोड्यांचा वास जिन्यातच गाठायचा, आणि मग दुपारी दोन ते पाच ती एक बाटली चालायची.

पहिल्या वर्षी घोट घेतला तर जीभ कोरडीठाक पडली. निनादने वहीत आंबटपणा, तुरटपणा, रंग यांना दहापैकी गुण दिले. हृषीदादांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ही नवी सून आहे. माप ओलांडल्या ओलांडल्या भांड्यांची मांडणी बदलायला निघालीय." दुसऱ्या वर्षी वाईनने काही दादच दिली नाही. "दहावीतला मुलगा. काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतो." तिसऱ्या वर्षी ते बराच वेळ ग्लास हुंगत बसले. "निवृत्त मामलेदार. बोलतात दरडावून, पण चहा स्वतः करून देतात." केतकी आणि मुग्धा खो खो हसल्या. निनादही हसला आणि त्याने वहीत साडेसहा लिहिलं.

चौथ्या वर्षी बाटली अर्धी झाल्यावर निनादने एक गोष्ट सांगितली, जी त्याने मुग्धालाही सांगितली नव्हती. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत तो त्यांच्याशी बोलत नव्हता. हृषीदादांनी उपदेश केला नाही, 'जाऊ द्या' म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्याचा ग्लास भरला आणि स्वतःच्या वडिलांबद्दल बोलायला लागले. निनादला आयुष्यात एवढा एकच मित्र होता, आणि तो वर्षातून तीन तासांचा होता.

पुढच्या वर्षी यंत्र आलं.

वाईन जुनी होते म्हणजे काय होतं, हे समजायला फार अवघड नाही. द्राक्षाच्या सालीत आणि बीत तुरट पदार्थ असतात. जीभ कोरडी पडते ती त्यांच्यामुळे. बाटलीच्या बुचातून वर्षाकाठी अगदी नखाएवढी हवा आत झिरपते. त्या हवेच्या संगतीने हे तुरट कण एकमेकांचे हात धरायला लागतात, त्यांच्या साखळ्या लांबतात आणि शेवटी जड होऊन गाळ बनून तळाशी बसतात. तुरटपणा उतरतो, रंग जांभळ्याचा विटकरी होतो आणि फळांच्या वासाखाली दबलेले दुसरे वास वर येतात. एका टप्प्यावर हे सगळं शिगेला पोचतं. मग उतार लागतो. हा टप्पा कधी येणार हे कोणालाच सांगता येत नसे, कारण दोन बुचं कधीच सारखी नसतात. कळून घ्यायचं तर बाटली उघडायची, आणि उघडली की ती संपली.

निनादच्या कंपनीने बनवलेल्या यंत्राचं नाव होतं 'नाडी'. दिसायला रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखं. बाटलीभोवती गुंडाळायचं. आतलं तत्त्व मात्र इस्पितळातल्या एम.आर.आय.चं. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र एखाद्या भोवऱ्यासारखं वागतं. चुंबकाच्या पकडीत ते ठरावीक वेगाने डोलतं. रेडिओलहरीची एक टिचकी मारली की कलतं, आणि सावरताना स्वतःचा बारीकसा सूर काढतं. शेजारी कोणते अणू आहेत त्यावर तो सूर बदलतो. ते सूर ऐकून बाटलीच्या आत काय किती आहे ते बूच न उघडता कळतं. हजारो बाटल्या ऐकून शिकलेली गणितं त्यावरून पुढचा सगळा आलेख काढतात आणि सांगतात, या बाटलीचा शिगेचा दिवस अमुक.

निनादने आठही उरलेल्या बाटल्यांना पट्टा लावला. आलेख जवळजवळ एकसारखे आले. ऑक्टोबर २०५२. अजून साडेअकरा वर्षं.

त्या रविवारी तो नाशिकला रिकाम्या हाताने गेला. म्हणजे बाजारातली एक बरी बाटली होती, नाडीने पास केलेली.

"आपली कुठाय?" हृषीदादांनी विचारलं.

निनादने आलेख दाखवला. "दादा, आत्ता उघडणं म्हणजे कैरी तोडून आंबा खाल्ल्याचं समाधान मानायचं. पी हळद नि हो गोरी असं नसतं हे. आतापर्यंत आपण बघण्यासाठी उघडत होतो. आता न उघडता दिसतं. मग नासायची कशाला?"

"आपण नासत होतो?"

"चार नासल्या की. त्यातली एकही नऊच्या वर गेली नव्हती."

हृषीदादांनी आलेख हातात घेऊन भूगोलाचा नकाशा बघावा तसा उलटसुलट बघितला. "बरं, निनादराव. मुहूर्त तुमचा, भटजीही तुमचेच. आज दुधाची तहान ताकावर." त्या दिवशीची बाजारातली वाईन उत्तम होती, यंत्राने सांगितल्याप्रमाणे अगदी शिगेला होती. तिच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. चार वाजताच मंडळी परतली.

पुढच्या मार्चमध्ये मुग्धाच्या मावशीकडे काहीतरी निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी निनादला परगावी जायचं होतं. मग कोणी तारीख विचारलीच नाही. भांडण झालं नाही, अबोला नाही. भेटायला जे कारण होतं ते थंड कपाटात सुखरूप पडून होतं, एवढंच.

बाहेरही असंच चाललं होतं. तीन-चार वर्षांत नाडी घरोघर पोचली. बाटलीवर शिगेचा दिवस छापून यायला लागला. त्याच्या आधी वाईन वाढणं हॉटेलवाल्यांना कमीपणाचं वाटू लागलं. पुण्याच्या एका कुटुंबाने बाटल्यांच्या तारखेसाठी मुलाचा साखरपुडा दोन महिने पुढे ढकलला, आणि त्यात कोणाला हसू आलं नाही. कोणीतरी लोणच्याच्या बरणीलाही पट्टा लावून पाहिला. पेटीवाल्यांनी तळघरात जमून बाटल्या उघडायच्या असा मार्चचा मेळा मोरदऱ्यात भरत असे, तोही बंद झाला, कारण येऊन बाटली उघडणारं कोणी उरलं नव्हतं. वैजयंतीबाई निवृत्त होऊन माहेरच्या गावी राहायला गेल्या. निनादला बढती मिळाली.

२०४६च्या मार्चमध्ये एका सकाळी हृषीदादांचा फोन आला. निनाद ऑफिसला निघायच्या घाईत होता.

"निनादराव, या रविवारी येता का? येताना एक घेऊन या. माझ्या वाट्यातली."

"काय विशेष?"

"विशेष काही नाही. वाटलं आपलं."

निनादने फोन कानाशी धरूनच एका बाटलीला पट्टा लावला. आलेख खाली गेलेला होता. वाईनच्या आयुष्यात असा एक काळ येतो, जेव्हा जुने वास गेलेले असतात आणि नवे आलेले नसतात. त्याने तसं सांगितलं. "दादा, अख्ख्या पंधरा वर्षांतला सगळ्यात वाईट काळ आहे हा. अजून सहा वर्षं कळ काढा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"बरं," हृषीदादा म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर."

त्यानंतर आठवड्याने कळलं की हृषीदादांच्या कपाळामागे, मेंदूच्या तळाशी गाठ आहे. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. निनाद आणि मुग्धा शहाळी घेऊन इस्पितळात गेले. गाठ साधी निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा पट्टीखालून हसले आणि म्हणाले, "बूच उघडून बघितलं, आत सगळं ठीक आहे." निनाद खूप हसला. त्या फोनची त्याला आठवणही झाली नाही.

अखेर २०५२चा ऑक्टोबर आला. निनाद साठीचा झाला होता, हृषीदादा त्रेसष्टचे. दसऱ्यानंतरच्या रविवारी निनादने दोघांना ठाण्याला जेवायला बोलावलं. आठ दिवस आधी बाटल्या उभ्या करून ठेवल्या, गाळ खाली बसावा म्हणून. नवे ग्लास आणले. मुग्धाने बहिणीच्या हातची कृती विचारून सोड्याची खिचडी टाकली. सोडे भाजायला घेतले तसे खालच्या मजल्यावरच्यांना कळलं की दिघ्यांकडे पाहुणे आहेत.

हृषीदादा आले, सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "आज काय बेत केलाय मुग्धाने?"

निनाद बाटलीच्या गडबडीत होता. त्याने पहिलं बूच अलगद काढलं आणि वाईन ओतली. रंग जुन्या विटेचा. त्याने ग्लास नाकाशी नेला. आयुष्यात इतकं काही एका ग्लासात त्याने हुंगलं नव्हतं. वाळलेली अंजिरं होती, तंबाखूचा डबा होता, ऊन लागलेली माती होती, आणि त्याखाली आणखी काहीतरी जुनं, ओळखीचं, जे नीट हाती लागत नव्हतं. यंत्र शब्दाला जागलं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"काय दादा?" त्याने अधीर होऊन विचारलं. पंधरा वर्षांत त्याने एकाही वाक्याची इतक्या ओढीने वाट पाहिली नव्हती. ही कोण आहे? कोणासारखी आहे?

हृषीदादांनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला. "छान आहे," ते म्हणाले. "फारच छान."

निनाद वाट बघत राहिला. पुढे काही आलं नाही. माणूस थकलाय, त्याने मनाला समजावलं. पहिली बाटली गप्पांत संपली. त्याने दुसरी उघडली, तिच्यासाठी वेगळे ग्लास मांडले आणि पाहुण्यांना आधी म्हणून दादांचा भरला, मग स्वतःचा.

दादांनी मोठा घोट घेतला. "वा! ही तर पहिलीहून सरस. मोकळी झालीय अगदी."

निनादने हसत स्वतःचा ग्लास उचलला आणि त्याचा हात थांबला. ग्लासातून भिजून कुजलेल्या गोणपाटाचा वास येत होता. बंद पडलेल्या न्हाणीघराचा वास. मुग्धाने दुरूनच नाक मुरडलं.

हा बुचाचा रोग. बुचाच्या सालीत कधीतरी बुरशी शिरते आणि तिच्यापासून एक घाण पदार्थ तयार होतो. गावच्या तलावात चिमूटभर टाकावा इतकासा असला तरी वाईन नासते. इतक्या थोड्या अणूंचा सूर नाडीला ऐकू येत नाही. माणसाच्या नाकाला मात्र लगेच कळतो, कोणाच्याही नाकाला. शेजारी लहान मूल असतं तरी त्याने ग्लास बाजूला सारला असता. चवीत काही कळत नाही, सगळा खेळ वासाचा.

हृषीदादांनी आणखी एक घोट घेतला आणि समाधानाने मान हलवली.

निनादने केतकीकडे पाहिलं. केतकीने नजर खाली घातली आणि ताटं उचलून ती आत गेली. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"ताई?"

"ऑपरेशनमध्ये गेला त्याचा वास," ती नळ सोडून हळू आवाजात म्हणाली. "गाठ त्या शिरांवरच होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, पण वास कायमचा जाईल. साडेसहा वर्षं झाली. गॅस चालू राहिला तर मला धावत यावं लागतं."

"आम्हाला सांगितलं नाही कोणी?"

"त्याने शपथ घातली होती. मुग्धाला सांगितलं असतं तर तुझ्यापर्यंत आलंच असतं. तू किती आशेने बाटल्या जपत होतास. म्हणाला, त्याची मेजवानी कशाला नासवायची. मी जाऊन बसेन, छान म्हणेन." तिने नळ बंद केला. "तुला फोन केला होता ना त्याने? ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

निनादला तो फोन आठवला. पट्टा आठवला, खाली गेलेला आलेख आठवला, आणि आपण किती समजूतदार आवाजात बोललो होतो तेही. सगळ्यात वाईट काळ म्हणून त्याने नाही म्हटलं होतं. ज्याला ती वाईन कळली असती, त्याच्यासाठी तोच शेवटचा चांगला काळ होता. बाटल्यांचा दिवस त्याने तासापर्यंत काढला होता. माणसाचा काढायचा असतो, हे यंत्र तपासण्यात अख्खी नोकरी घालवलेल्या या गृहस्थाच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की ओट्याला धरून तो तसाच उभा राहिला.

बाहेर आला तेव्हा मुग्धा बाल्कनीत गेली होती. हृषीदादांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

"दुसरी बिघडलेली होती का?"

"हो."

"काय येत होता वास?"

"कुजलेलं गोणपाट."

"अरेरे. आणि मी सरस म्हणालो." ते मनापासून हसले, मग थांबले. "कधीतरी पकडला जाणारच होतो."

"दादा, सहा उरल्यात अजून. त्यातल्या तीन तुमच्या. सगळ्या तुमच्याच म्हणा. मी दर रविवारी नाशिकला घेऊन येतो."

"आता कशाला? मला आंबट, तुरट, एवढंच कळतं. चिंचेचं पाणी दिलंत तरी चालेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तेव्हा एकच मागितली होती मी, निनादराव."

रागावले असते तर बरं झालं असतं. निनाद त्यांच्या शेजारी बसला. माफी मागायला तोंड उघडलं, पण हे माफीत मावणारं नव्हतं आणि ते दोघांनाही कळत होतं. त्याच्या पहिल्या ग्लासात तळाशी दोन घोट उरले होते, चांगल्या बाटलीचे. हृषीदादांनी तो ग्लास उचलून त्याच्या हातात दिला.

"असं करा. तुम्हाला तर येतो ना वास? मग सांगा मला. कशी आहे ती?"

"यंत्राप्रमाणे तुरटपणा आता..."

"आकडे नकोत. कोण आहे ते सांगा." त्यांनी डोळे मिटले आणि सोफ्याला मान टेकवली.

निनादने ग्लास नाकाशी नेला. सगळं तिथे होतं. अंजीर, तंबाखू, माती, आणि खालचं ते जुनं, ओळखीचं काहीतरी. त्याने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. त्याला सगळं येत होतं. सांगता मात्र येत नव्हतं, एक शब्दही. शेजारी हृषीदादा डोळे मिटून वाट बघत होते.